हौसेचे मोल

हौसेला मोल नसते असे आपण सहज म्हणून जातो. आमचे आबाही म्हणत. परंतु ते गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत लाल कापडी बांधणीची एक चोपडी निघाली, आणि तिच्यात त्यांनी स्वतःच्या हौसेचे मोल नव्या पैशांसकट मांडून ठेवलेले आढळले. चोपडीच्या पुढच्या बाजूने घरचा हिशेब होता : भात, नागली, वरी, मीठ, घासलेट, माझ्या शाळेची फी. चोपडी उलटी धरली की मागच्या बाजूने दुसरा हिशेब सुरू होई. त्याच्या माथ्यावर 'श्री' घालून लिहिले होते, 'पाखऱ्याचे'.

पाखऱ्या हा आमचा शर्यतीचा बैल. मी दहा वर्षांचा असताना, म्हणजे १९६२ साली, मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या जत्रेत आबांनी तो घेतला. पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसोबाच्या त्या जत्रेत घोंगड्या, भांडी, मिठाई सगळे मिळते. पण जुन्या माणसांच्या लेखी जत्रा म्हणजे बैलांचा बाजार. आबा गेले होते नांगराचा बैल आणायला. चारशे पस्तीस रुपये कनवटीला होते. परत आले ते एक काळसर पाठीचा, अरुंद कपाळाचा, सारखे कान हलवणारा बैल घेऊन. नांगराला जुंपल्यावर त्याने पहिल्याच तासाला जू मोडले. आबा खूश! ते म्हणाले, "हा चालायला जन्मलाच नाही."

आमचे गाव सिद्धगडाच्या पायथ्याशी. या गडाचे नाव बाहेरच्या जगाने ऐकले ते २ जानेवारी १९४३ मुळे. त्या दिवशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथल्या रानात इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. एरवी आमच्या भागात ऐकण्यासारखे होते काय? पाऊस, भात, आणि भात झोडून झाले की शर्यती. घाटावर तिला बैलगाडा म्हणतात, वऱ्हाडात शंकरपट म्हणतात. आम्ही नुसतेच 'शर्यत' म्हणत असू. दुसरी कसली शर्यत असते हे आम्हांला ठाऊकच नव्हते.

चोपडीतल्या नोंदी वाचण्यासारख्या आहेत. 'पेंड व सरकी'. 'दूध, रोज १ शेर'. 'उडदाचे पीठ'. 'अंडी २ डझन'. ही अंडी घरात कुणाच्या ताटात पडलेली मला आठवत नाहीत. 'नाल'. 'गोंडे व झूल'. आणि प्रत्येक शर्यतीच्या खाली न चुकता : 'माणसे १४, चहा व भजी'. बैल काही एकटा पळत नाही. सुटण्याच्या जागी त्याला धरायला माणसे लागतात, निशाणापाशी अडवायला लागतात, वाटेत भांडण झाले तर भांडायला लागतात, आणि काही नुसतीच लागतात. जमेच्या बाजूला तीन वर्षांत मिळून चार फेटे, सात नारळ आणि रोख रुपये एकसष्ट.

पण मला सर्वांत बोलकी वाटते ती पावसाळ्यातली नोंद. आषाढापासून चार महिने शर्यत नाही. तिथे आबांनी दरमहा एकच ओळ लिहिली आहे : 'बैल बसून, रु. २३'. पळण्याचा खर्च कुणीही लिहील. बसून राहण्याचा खर्च लिहायला प्रामाणिक माणूस लागतो.

तरीसुद्धा आईच्या हातातल्या दोन पाटल्या १९६४ च्या शिमग्यात गेल्या, त्या चोपडीच्या कोणत्याच बाजूला नाहीत. मोठेपणी मी आईला त्याबद्दल विचारले. ती सुपातले तांदूळ पाखडत होती. न थांबता म्हणाली, "पळायचा मात्र देखणा हां!"

१९६५ साली पाखऱ्याचा पुढचा पाय दुखावला आणि तो हिशेब मिटला. बैल विकला नाही. तो पुढे सहा वर्षे गोठ्यात होता. त्या सहा वर्षांची पेंड आबांनी घरच्या बाजूला धरली.

ही चोपडी मी आठवण म्हणून ठेवली होती. तिचा कुणाला उपयोग होईल असे वाटले नव्हते. तो झाला २०१८ च्या दिवाळीत. माझ्या पुतण्याचा मुलगा, म्हणजे माझा नातूच, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आयटीआय करून मुरबाडच्या एमआयडीसीजवळ एका गॅरेजात कामाला लागला होता. भाऊबीजेच्या संध्याकाळी फराळाची बशी बाजूला सारून तो म्हणाला, "आजोबा, मला रेसिंग करायचंय."

माझ्या डोळ्यांपुढे अर्थातच बैल उभा राहिला. मी म्हटले, "अरे, पण बंदी आहे ना?" ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या होत्या. २०१७ मध्ये राज्याने त्यांच्यासाठी नवा कायदा केला, पण तोही न्यायालयात अडकून पडला होता. गावोगावचे पळाऊ बैल बसून होते.

"बैलांची नाय, आजोबा. गाडीची."

त्याची गाडी पळवण्याची हौस मला माहीत होती, आणि तिची मला धास्ती होती. पावसाळ्यातल्या रविवारी कल्याण ते माळशेज हा रस्ता ज्याने पाहिला आहे त्याला ती कळेल. दरवर्षी २ जानेवारीला आम्ही सिद्धगडाच्या हुतात्म्यांना वंदन करायला जातो. तिथे हा मला पहिली गोष्ट सांगे ती, मुरबाडहून नारिवलीपर्यंत आपण किती मिनिटांत आलो ही. "अरे, अशा ठिकाणी माणसाने वेळेवर यावे. वेळेच्या आधी कशाला?" असे मी म्हणे, आणि तो हसे. तेव्हा रस्ता सोडून कुंपण घातलेल्या, डॉक्टर नि रुग्णवाहिका हजर असलेल्या जागी गाडी चालवायची म्हणतो आहे हे ऐकून मला मनातून बरेच वाटले. हे बरे वाटणे त्याने खिशातून कागद काढीपर्यंत टिकले.

मोटारींच्या शर्यतीची सुरुवात मोटारीने होत नाही, हे मला त्या कागदाने शिकवले. ती होते कार्टने. कार्ट म्हणजे लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर बसवलेली चार लहान चाके, एक इंजिन आणि एक बैठक. टप नाही, दार नाही, स्प्रिंगा नाहीत. बसणाराचे बूड जमिनीपासून वीतभरही उंच नसते. तिला पट्टाही नसतो. गाडी उलटली तर माणूस बाहेर फेकला जावा, तिच्याखाली सापडू नये, म्हणून! मग फेकल्या जाणाऱ्या माणसाच्या बरगड्यांसाठी वेगळे कवच मिळते, त्याचे पैसे वेगळे. मोठ्या शर्यतींत नाव काढणारी बहुतेक मंडळी या खेळण्यापासून वर गेलेली आहेत.

कागदावर त्याने सुवाच्य अक्षरात मांडले होते : कार्ट व इंजिन, हेल्मेट, सूट, हातमोजे, बूट, वैद्यकीय दाखला आणि फेडरेशनचा परवाना, प्रवेश फी, सरावाची फी, टायर, पेट्रोल व ऑइल, ठरावीक तास चालल्यावर इंजिन उघडण्याचा खर्च, मेकॅनिक, टेम्पो, राहणे-जेवणे. एका मोसमाची बेरीज अकरा लाख चाळीस हजार. सर्वांत शेवटी 'मोडतोड' असा शब्द लिहून त्यापुढे आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह काढले होते.

मी आत जाऊन चोपडी आणली आणि दोन्ही हिशेब शेजारी ठेवले. पेंडीशेजारी पेट्रोल आले. नालांशेजारी टायर आले. गोंडे-झुलीच्या जागी सूट-हेल्मेट बसले. 'माणसे १४' यांच्या वाट्याला एक मेकॅनिक आणि टेम्पोवाला आला. एवढी मात्र विज्ञानाने काटकसर केली म्हणायची. घरातली सगळी मंडळी भोवती जमली आणि लग्नाची यादी तपासावी तशी ओळीने जुळवाजुळव चालली. फक्त आबांच्या एका नोंदीला समोर जोड मिळेना.

"आणि बसून खाण्याचे काय?" मी विचारले.

"गाडी बसून खात नाय, आजोबा."

"गाडी नाही खात," त्याची बहीण कोपऱ्यातून म्हणाली. "तू खातोस. नोकरी सोडलीस की महिन्याचा पगार गेला, तो कुठल्या ओळीत धरलास?"

ही मुलगी तेव्हा बावीस वर्षांची, एका पतपेढीत नोकरीला. कर्जाचे अर्ज दिवसभर वाचून तिची नजर अशी झाली होती की, लिहिलेल्यापेक्षा न लिहिलेले तिला आधी दिसे.

पैसे यायचे कुठून, हे नातवाने ठरवलेच होते. म्हसा रस्त्याला आमचा दोन एकरांचा तुकडा आहे. ज्या जमिनीत आबांना पोटापुरते भात होत नसे तिला आता मुंबईच्या लोकांच्या बंगल्यांमुळे असा भाव आला आहे की, तो ऐकून आबांना आपली थट्टा चालली आहे असे वाटले असते. तो तुकडा विकायचा. पण सातबाऱ्यावर माझे नाव, पुतण्याचे नाव. आणि वडिलार्जित जमिनीत मुलीचाही मुलाइतकाच हक्क २००५ च्या कायद्याने मान्य केलेला. सह्या सगळ्यांच्या लागणार होत्या.

पुतण्या सरळ नाही म्हणाला. तो टेम्पो चालवतो. गाडी ही भाडे मिळवायची वस्तू, तिच्यावर भाडे भरायचे ही कल्पनाच त्याला वेडेपणाची वाटली. मी म्हटले, आधी पाहून तरी येऊ. आणि जानेवारीत आम्ही आजोबा-नातू एस.टी.ने कोल्हापूरला गेलो. तिथे मोहिते मंडळींनी बांधलेला कार्टिंगचा ट्रॅक होता. कुस्तीच्या गावात हा खेळ कसा रुजला याचे मला आधी नवल वाटले; मग वाटले, दूध-बदामाचा खुराक चालू ठेवून वर्षानुवर्षे एका झुंजीची वाट पाहणाऱ्या गावाला यात अवघड काय?

ट्रॅकवर गेल्याबरोबर मला दोन गोष्टी जाणवल्या. एक तो आवाज. हजार भुंगे एका डब्यात कोंडावेत तसा; आणि त्याबरोबर जळक्या ऑइलचा वास. दुसरी गोष्ट ही की, आपण म्हशाच्या बाजारात आलो आहोत! तेच मांडव, तीच डबे-सतरंज्या घेऊन आलेली बिऱ्हाडे, तीच एकमेकांच्या जनावराकडे तिरकस नजरेने पाहणारी माणसे. फक्त इथे बैलाच्या दाढेऐवजी टायर चाचपून पाहत होते. सात-आठ वर्षांची मुले हेल्मेट घालून चालली की लहान धडावर मोठे डोके दिसे. शर्यत संपल्यावर गाडी आणि मूल एकत्रच वजनकाट्यावर चढवीत. ठरलेल्यापेक्षा कमी भरले तर निकाल रद्द. म्हणून हलक्या मुलांच्या बैठकीला शिशाचे ठोकळे बोल्टने आवळलेले होते. एक दहा वर्षांचा मुलगा हमसून रडत होता. मी समजावायला गेलो तर कळले, मागच्या खेपेपेक्षा एका फेरीला सेकंदाचे तीन दशांश जास्त लागले. मी छत्तीस वर्षे शिक्षकी केली, पण दशांश अपूर्णांकापायी इतके मनापासून रडलेले मूल पाहिले नव्हते.

तिथे पुण्याचे एक गृहस्थ भेटले. मुलीला घेऊन चार वर्षे येत होते. त्यांनी मला बोटांवर मोजून सांगितले : पहिला मोसम भाड्याच्या गाडीत काढायचा. दुसरा स्वतःच्या. तिसऱ्यात कळते, पोराला जमते की नाही. "आणि आजोबा, नाही जमले तर आपण सुटलो. जमते असे कळले की खरा खर्च सुरू होतो." कारण मग कार्ट पुरत नाही. मग चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइमतूरचा कारी स्पीडवे. त्याहून जमले तर युरोप, आणि युरोपातला एकेक मोसम कोटींत मोजतात. बैलात हे उलटे होते. हरणारा बैल महाग पडायचा. जिंकणाऱ्याला गिऱ्हाईक दारात यायचे.

नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला, भारतातला पहिला. त्याच्या पाठीशी टाटांसारखे घराणे उभे होते. मुंबईच्या जेहान दारुवालाला २०११ मध्ये फोर्स इंडियाने देशभर घेतलेल्या निवडीतून दार उघडले गेले. २०२० च्या डिसेंबरात फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय झाला. कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेले. ही नावे त्या मांडवात देवांच्या नावांसारखी घेतली जात. परंतु देवळाच्या पायऱ्यांवर किती जण बसून राहिले, ती यादी कुणी ठेवीत नाही.

आमच्या चिरंजीवांना दुपारी भाड्याची कार्ट मिळाली. तो बरा चालवीत होता, असे मला वाटले. पंधरा मिनिटांनी उतरला तेव्हा दोन्ही तळहातांना फोड आले होते. शिकवणाऱ्याने घड्याळ दाखवले : तेरा वर्षांच्या एका मुलापेक्षा फेरीला अडीच सेकंद मागे. "हात चांगला आहे," तो म्हणाला. "पण ही पोरं आठव्या वर्षापासून बसतात." एकोणिसाव्या वर्षी माणूस म्हातारा ठरू शकतो, हे मला ठाऊक नव्हते, त्यालाही नसावे. तो काही बोलला नाही. मी चहा पिऊन आलो तेव्हा दुसऱ्याच कुणाची तरी गाडी बंद पडली होती आणि हा गुडघ्यावर बसून, फोड आलेल्या हातांनी, तिचा कार्ब्युरेटर उघडून बसला होता. ती चालू झाली. त्या गाडीच्या मालकाने त्याचा फोन नंबर घेतला.

घरी परतल्यावर बहिणीने त्याला समोर बसवले. तिचे बोलणे मला जसेच्या तसे आठवते. "माझी सही मिळेल. माझा हिस्साही घे, त्याबद्दल मी कधी बोलणार नाही. पण दुसऱ्या मोसमाचे पैसे कुठून येणार, ते आधी लिहून दे." नुसते लिहून द्यायचे होते. कुणी पडताळून पाहणार नव्हते. काहीही लिहिता आले असते. दोन दिवस तो कागद पुढ्यात घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी कोरा कागद तिला परत देऊन म्हणाला, "नाय लिहिता येत." आणि त्याच संध्याकाळी त्याने कोल्हापूरच्या त्या गृहस्थांना फोन लावला, मेकॅनिक हवा आहे का म्हणून.

जमीन राहिली. तो गेला. आधी कोल्हापूर, मग कोइमतूर. तिथे फॉर्म्युला एलजीबीच्या गाड्यांचे काम करणाऱ्या एका वर्कशॉपात राहिला. या गाड्यांना इंजिन स्विफ्टचे असते, हे त्याने मला इतक्या आपुलकीने सांगितले की, जणू सोयरीकच जुळली. २०२० मध्ये टाळेबंदीने सगळे बंद पडले तेव्हा घरी येऊन त्याने त्या दोन एकरांत भात लावला, आणि एकाही रोपाकडे प्रेमाने पाहिले नाही. दिवाळीनंतर पुन्हा गेला. २०२३ मध्ये पगारातून थोडे थोडे कापून घेऊन मालकाने त्याला एका शर्यतीत गाडी दिली. चौदावा सुटला, अकरावा आला. आम्हांला मोबाईलवर काही दिसले नाही. धूळ दिसली आणि त्याचा आवाज ऐकू आला.

वयाबद्दल तो पुढे कधीमधी कुरकुर करी. २०२४ मध्ये पुण्याच्या डायना पुंडोले यांनी, दोन मुलांची आई असताना, सलून गाड्यांचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले; या खेळात असे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. बहिणीने ती बातमी त्याला धाडली आणि खाली लिहिले, 'वयाचं कारण आजपासून बंद.' तिच्याकडून सवलत मिळायची ती व्याजदरात, शब्दांत नाही.

मधल्या काळात आणखी एक गंमत झाली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना अटींवर परवानगी दिली. १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदाही मान्य केला. आता धाव हजार मीटरांपेक्षा लांब नको, चाबूक नको, पशुवैद्याचा दाखला हवा. आणि २०२२ च्या उन्हाळ्यात, ज्याने मोटारींच्या शर्यतीला वेडेपणा म्हटले होते त्या माझ्या पुतण्याने, टेम्पोचे हप्ते अजून बाकी असताना, एक बैल आणून दारात बांधला. मला म्हणाला, "काका, तसा स्वस्तात मिळाला." किंमत मी विचारली नाही. त्याने सांगितली नाही. बैलाचे नाव कोइमतूरहून मुलाने सुचवले : बुलेट. सूनबाई सकाळी त्याला पेंड घालताना पुटपुटते, दुपारी फोनवर मुलाला टायरचे भाव विचारते, आणि दोन्ही वेळा तिच्या हातात तिच्या बांगड्या आहेत की नाहीत हे मी नकळत पाहून घेतो. आहेत.

यंदाच्या मोसमात नातवाने दोन शर्यतींचे पैसे पुरते बाजूला काढले आहेत, आणि तिसरीचे निम्मे. उरलेल्या निम्म्याबद्दल बहिणीने अजून काही म्हटलेले नाही. मात्र काल रात्री करंज्या भरता भरता तिने मला विचारले की, शर्यतीचे टायर एकदा वापरले की खरोखरच टाकून द्यावे लागतात, की तो उगीच सांगतो.